रस्ता न पाहिलेला जोडा

“जोडे काढा,” आप्पा म्हणाले.

समोरचा उंचापुरा म्हातारा गोड हसला, मान लववली आणि जोड्यांसकट आत शिरायला निघाला. आप्पांचं बोलणं त्याला स्वागताचं काहीतरी वाटलं असावं. आप्पांनी चर्चच्या दारात एक हात आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने चपलांच्या मांडणीकडे बोट केलं.

“जोडे. इथं. मग आत.”

मी धावत पुढे गेले. मी तेव्हा आमच्या निमगावच्याच शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून पाहुण्यांशी बोलायचं काम पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात टाकलं होतं. पाहुणे कॅनडाचे, आणि तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातले. तिकडच्या खेड्यापाड्यांतली जुनी गाणी आणि नाचाच्या चाली वाजवत ते जगभर हिंडायचे. म्हाताऱ्याचं नाव रेजाँ, तो व्हायोलिन वाजवायचा. मिरेय नावाची चाळिशीतली बाई अकॉर्डियन वाजवायची आणि गायची. ल्युक नावाचा दाढीवाला गिटारवर होता. पुण्यातला कार्यक्रम आटोपून औरंगाबादला जाता जाता ते आमच्या दगडी चर्चमध्ये एक संध्याकाळ वाजवणार होते. त्यांच्याकडे म्हणे अशा लहान गावच्या चर्चमध्येच असले कार्यक्रम होतात.

आमच्याकडे पायातलं बाहेर काढतात, हे मी इंग्रजीत सांगितलं. रेजाँला इंग्रजी यथातथाच, त्यामुळे मिरेयने ते त्याला फ्रेंचमध्ये सांगितलं. त्याचं हसू मावळलं. त्याने आपल्या काळ्या जाड टाचेच्या जोड्यांकडे पाहिलं आणि बराच वेळ काहीतरी बोलला.

“तो विचारतोय,” मिरेय म्हणाली, “जोडे काढले तर वाजवायचं कशाने?”

मी हे जसंच्या तसं आप्पांना सांगितलं.

“व्हायोलिन हाताने वाजवतात एवढं मलाही कळतं,” आप्पा म्हणाले. “मी मिशन दवाखान्यात कंपाउंडर होतो, अगदीच रानातून नाही आलो. इथं कलेक्टर आले, त्यांनी काढले. बिशपसाहेब येतात, ते काढतात. यांच्या पायाला काय सोनं लागलंय?”

तेवढ्यात बाहेरच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून स्पीकर खांद्यावर घेऊन सुमंत आला. दाराशी येऊन त्याने स्पीकर खाली ठेवला, न सांगता चपला काढल्या आणि म्हणाला, “आप्पा, कसे आहात?”

आप्पांनी घंटेच्या दोरीकडे पाहिलं. दोरी जागेवर होती.

आप्पा आमचे वडील आणि सुमंत माझा धाकटा भाऊ. पुण्यात कार्यक्रमांना आवाजाची यंत्रणा लावायचं काम करायचा आणि या दौऱ्यात पाहुण्यांबरोबर तोच होता. आप्पांचं आणि त्याचं बोलणं बंद होऊन सहा-सात वर्षं झाली होती. म्हणजे सुमंत बोलत होता, बोलत नव्हते ते आप्पा. त्याचं लग्न आमच्याच मंडळीतल्या एका मुलीशी ठरलं होतं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार भर चर्चमध्ये घोषणा वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. आप्पा मंडळीचे पंच, चर्चचा कारभार पाहणाऱ्यांतले. दोन रविवार त्यांनी मुलाच्या लग्नाची घोषणा स्वतः, खणखणीत आवाजात वाचली. तिसऱ्या रविवारच्या आधी सुमंतचा पुण्याहून फोन आला की त्याने मंजिरी नावाच्या मुलीशी रजिस्टर लग्न केलंय.

मंजिरी ख्रिस्ती नाही, हे आप्पांनी एक वेळ गिळलं असतं. पण ज्या तोंडाने दोनदा वाचलं त्याच तोंडाने तिसऱ्या रविवारी उभं राहून ‘ही घोषणा रद्द समजावी’ म्हणायची पाळी आली, ते काही त्यांच्या घशाखाली उतरेना. चूक सुमंतचीच होती, मी त्याची बाजू घेणार नाही. नाही म्हणायचं ते वेळेवर म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती. त्यानंतर तो दोन नाताळांना घरी आला आणि दोन्ही वेळा आप्पा मागच्या दाराने निघून गेले ते तो परत जाईपर्यंत फिरकले नाहीत.

या कार्यक्रमाचं घाटत होतं तेव्हा त्याने मला फोन केला होता. “ताई, मी त्यांच्याबरोबर येतोय. आप्पांना आधी सांगू नकोस. आणि एक सांगतो, हे शेवटचं. मंजिरी म्हणते, किती वेळा उंबरा झिजवशील? या वेळी आप्पा बोलले तर तिला घेऊन येईन. नाही बोलले तर मी पुन्हा निमगावला पाय ठेवायचा नाही.” सुमंत धमक्या देणाऱ्यातला नव्हता, म्हणूनच मी घाबरले होते. आई गेल्यापासून आमच्या घरात माणसं होती तरी किती? आप्पा, मी आणि हा. त्यातलं एक कायमचं वजा होणार होतं.

“आप्पा,” सुमंत पुन्हा म्हणाला, “यांच्या संगीतात ढोल-तबला नसतो. हा रेजाँ खुर्चीत बसून वाजवतो आणि दोन्ही पायांनी फळीवर ताल धरतो. ढोलकी त्याच्या पायात आहे असं समजा. जोडा नसला तर ताल नाही.”

आप्पा माझ्याकडे वळले. “काय म्हणतोय?”

मी सुमंतचं मराठी पुन्हा मराठीत सांगितलं.

“त्याला सांग, तालासाठी नियम मोडत नाहीत.”

“ताई, त्यांना सांग, मी ऐकलं.”

“त्याने ऐकलं म्हणतोय,” मी म्हणाले. फ्रेंचचं इंग्रजी होत होतं, इंग्रजीचं मराठी, आणि मराठीचं मराठी. त्या दिवशी शाळेने मला दुप्पट पगार द्यायला हवा होता.

पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. ते घाम पुसत मध्ये पडले आणि आप्पांना म्हणाले, “शांतवनकाका, एक दिवसाचा प्रश्न आहे, पाहुणे लांबून आलेत...”

“साहेब, तुम्ही तीन वर्षांनी बदलून जाल. मला याच दारात उभं राहायचंय.”

पाळकसाहेबांनी रुमाल पुन्हा कपाळाला लावला.

रेजाँ मात्र भांडणारा माणूस नव्हता. त्याने निमूटपणे जोडे काढून मांडणीत ठेवले आणि लोकरी मोज्यांवर आत आला. वेदीच्या पायऱ्यांखाली शहाबादी फरशीवर त्यांची प्लायवुडची फळी मांडली होती. तिच्यावर खुर्ची ठेवून तो बसला, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि एक चाल सुरू केली. पाय झपाझप हलत होते आणि ऐकू येत होतं ते नुसतं फदफद, ओल्या गोधडीवर धोपटणं चालावं तसं. चार ओळींत त्याचा हातही चुकला. मोजे काढून अनवाणी बसला, तेव्हा चपचप झालं. मिरेयने अकॉर्डियन थांबवलं.

“साठ वर्षं तो असाच वाजवतोय,” ती मला म्हणाली. “पायांनी सांगितल्याशिवाय त्याच्या हाताला कळत नाही. आम्ही दोघं वाजवू, पण ते निम्मंसुद्धा नाही होणार.”

बाहेर लोक जमायला लागले होते. बायकांनी चहाचं आधण ठेवलं होतं. आप्पा पहिल्या बाकाच्या टोकाला ताठ बसून सगळं पाहत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मला त्यांची सवय आहे. पाहुण्यांची फजिती त्यांनाही नको होती. आपल्या गावातून कुणी हिरमुसून जावं असा तो माणूस नव्हे. फक्त एकदा बोलून बसल्यावर मागे फिरायची त्यांना कधी वाटच सापडत नसे.

ती वाट सुमंतने काढली. तो वायर गुंडाळता गुंडाळता थांबला आणि म्हणाला, “ताई, आप्पांना विचार, आईची चप्पल त्यांना आठवते का.”

आई शेवटी शेवटी आजारी होती आणि तिच्या तळपायांना फरशी सोसवायची नाही. आप्पांनी तिला कोरी चप्पल आणून दिली होती, आणि दर रविवारी ती पायात असतानाच तिला इथे बाकावर बसवायचे. इतर पंचांपैकी कुणी कुरकुर केली की आप्पांचं उत्तर ठरलेलं असे, ‘जिने रस्ता पाहिला नाही ती चप्पल नव्हे.’ दारापर्यंत ते तिला धरून आणत आणि ती चप्पल दाराच्या आत आल्यावर तिच्या पायात घालत.

मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, सुमंत आप्पांपासून चार हातांच्या अंतरावरच उभा होता. आप्पांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, “नवा कोरा असेल तर चालेल. त्याला सांग.”

“जमलं!” मी मिरेयला म्हणाले. “नवा जोडा असला तर चालणार आहे.” ती टाळी वाजवून रेजाँला सांगायला गेली. पण पाळकसाहेबांनी डोक्याला हात लावला. सोमवार होता. आमच्याकडे सोमवारी बाजारपेठ बंद, आणि निमगावात पायातल्याची दुकानं होती दोन. एकाचा मालक लग्नाला गेलेला, दुसऱ्याचं दुकान उघडायला लावलं तर त्याच्याकडे सगळ्या रबरी स्लीपर.

आप्पा उठले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. सुमंतने माझ्याकडे पाहिलं. नाताळला ते असेच जायचे. त्याचा चेहरा पार उतरला. तो खाली बसून वायर गुंडाळायला लागला, आणि ती वायर आधीच गुंडाळून झालेली होती.

आमचं घर चर्चच्या मागच्या गल्लीतच आहे. थोड्या वेळाने आप्पा त्याच दाराने परत आले. काखेत पुठ्ठ्याचा खोका होता, दोरीने बांधलेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. “त्याला दे,” ते म्हणाले आणि रेजाँकडे हनुवटी उडवली.

खोका उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला. आत पातळ कागदात गुंडाळलेला काळा जोडा होता, चामडी तळाचा, आरशासारखा चकचकीत.

मी तो ओळखला. सुमंतच्या लग्नासाठी आप्पांनी घेतला होता. मुलाचा सूट-बूट मुलीकडच्यांनी करायचा ही पद्धत त्यांना मुळीच पसंत नव्हती. माझ्या मुलाला मी उघडा पाठवणार नाही, म्हणायचे. आई तर नव्हतीच, म्हणून एकटेच नगरला गेले होते, सुमंतची जुनी चप्पल मापाला वर्तमानपत्रात गुंडाळून. सुमंतला आयत्या वेळी दाखवायचा म्हणून सांगितलंही नव्हतं. पुढे जे झालं त्यानंतर सूट त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला. जोडाही गेला असेल असंच मी धरून चालले होते.

आणि आणखी एक गोष्ट माझ्या बोटांना कळली. इतकी वर्षं खोक्यात पडलेलं चामडं कडक होतं, भेगाळतं. हे लोण्यासारखं मऊ होतं. कुणीतरी वरचेवर काढून त्याला पॉलिश करत होतं, आणि घरात आम्ही दोघंच राहत होतो. मला तिथेच रडू कोसळलं असतं. पण चारचौघांत रडणं आमच्या घराण्यात बसत नाही, म्हणून मी नाक पुसलं आणि खोका रेजाँपुढे धरला.

रेजाँने जोडा हातात घेऊन तळावर नखाने टकटक केली आणि खूश झाला. मग पाय घातला. पंजा गेला, टाच बाहेर. त्याने जोर केला, ल्युकने मागून ढकललं, मिरेयने टाचेमागे सरकवायला चमचा मागितला, पण तो कॅनडाचा पाय काही आत जाईना. ल्युकचा पाय त्याच्याहून मोठा. मिरेयने घालून पाहिला तर तिचे दोन्ही पाय एकात मावले असते.

“माप काय आहे?” सुमंतने विचारलं.

“आठ,” मी म्हणाले.

सुमंतचा पाय आठ नंबरचा. त्याने जोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, मीही नाही. पण आप्पांचा पाय सातचा आहे हे त्याला माहीत होतं, आणि आमच्या घरात आठ नंबरचा दुसरा कुणी नव्हता.

“सुमंत!” मिरेय ओरडली. “अरे, याला येतं! आमचं आवाज तपासणं चाललेलं असतं तेव्हा हा रोज रेजाँच्या शेजारी बसून पाय वाजवतो.”

“ते गमतीने,” सुमंत म्हणाला. “ताई, त्यांना सांग, गमतीने.”

रेजाँने काही ऐकून घेतलं नाही. दुसरी खुर्ची ओढून फळीवर आपल्या खुर्चीला चिकटवून ठेवली आणि तिच्यावर थाप मारली. सुमंत मात्र हलेना. तो आप्पांकडे बघत उभा राहिला. त्या वेळी तो पस्तिशीचा होता, पण मला शाळेतून उशिरा आलेला सुम्या दिसला.

आप्पांनी माझ्याकडे तोंड केलं. “त्याला सांग, आधी पाय धुऊन पुसून घे म्हणावं.”

सुमंत पाय धुऊन आला. पायऱ्यांवर बसून त्याने जोडा चढवला, नाड्या बांधल्या. चपखल बसला.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला असं मी म्हणणार नाही, पण झाला. चर्च गच्च भरलं होतं. पहिल्या चालीत सुमंत दोनदा अडखळला. रेजाँ त्याच्याकडे न बघता हनुवटीने खूण करत राहिला आणि दुसऱ्या चालीपासून पोराचे पाय लागले. टाच, चवडा, टाच, टाच. त्या दगडी भिंतींतून तो आवाज असा खणखणीत फिरला की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी मान वर केली. मग रेजाँचा हात मोकळा सुटला. त्याचं व्हायोलिन रडत नाही, ते पळतं. मी तोवर असलं काही ऐकलं नव्हतं.

मध्ये मिरेयने सांगितलं की पुढच्या गाण्यात ती एक ओळ म्हणेल आणि सगळ्यांनी ती परत म्हणायची. गाणं कशाबद्दल आहे, मी विचारलं. “एक माणूस दारूचं पिंप संपेपर्यंत घरी जात नाही, त्याबद्दल,” ती म्हणाली. समोर अख्खी मंडळी, पंच आणि पाळकसाहेब. मी माइक घेतला आणि सांगितलं, “हे पाहुणचाराचं गाणं आहे.” आमच्या लोकांना भजनाची सवय, ओळ उचलायला कुणाला शिकवावं लागत नाही. एक अक्षर न कळता सगळ्यांनी ते दारूचं गाणं असं झेललं की ल्युक हसता हसता गिटार चुकला. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई सगळ्यात पुढे होत्या.

आप्पांचा पाय हलला असं लिहायला मला आवडलं असतं. हलला नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून पहिल्या बाकावर ताठ बसले होते आणि गाणारीकडे नाही, वाजवणाऱ्याकडे नाही, फळीवरच्या त्या जोड्याकडे बघत होते. गाण्याच्या ओळीही त्यांनी म्हटल्या नाहीत. टाळ्या वाजवल्या, इतरांइतक्याच.

कार्यक्रम संपला. लोक चहाकडे पांगले. रेजाँने सुमंतला मिठी मारली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले, त्यावर बायकांत बरंच हसू झालं. बाहेर ल्युकने पेट्या टेम्पोत चढवायला सुरुवात केली. त्यांना मुक्कामाला नगर गाठायचं होतं.

सुमंत पायऱ्यांवर बसून नाड्या सोडत होता. जोडा त्याने रुमालाने पुसला, पातळ कागदात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. मग तो अनवाणी दारापर्यंत आला. आप्पा नेहमीसारखे दारात उभे होते, कुलूप हातात घेऊन. आता आप्पा बाजूला होतील, हा चपला घालेल, टेम्पोत बसेल आणि संपलं.

“आप्पा,” सुमंत म्हणाला आणि खोका पुढे केला. “हा तुमचा.”

मी सवयीने तोंड उघडलं. आप्पांनी हातानेच मला थांबवलं.

“मला कशाला?” ते म्हणाले, सरळ त्याच्याकडे बघून. “मला होतो का तो?”

सुमंत खोका हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पा खाकरले. कुलूप त्यांनी या हातातून त्या हातात घेतलं.

“तिचं माप काय?”

“कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? लग्नात सुनेला चपला सासऱ्याकडून असतात. एवढंही शिकवावं लागतं का तुला? ते राहूनच गेलंय. उद्या दुकान उघडलं की बघतो. माप सांग.”

सुमंत गोंधळला. खिशाला हात लावला, डोकं खाजवलं. “आप्पा, मला... मला नाही माहीत.”

“सहा वर्षं संसार करतोस आणि बायकोच्या पायाचं माप माहीत नाही?” आप्पा कडाडले. चहाकडे गेलेली माणसं वळून बघायला लागली. “लाव फोन.”

सुमंतने फोन लावला. तिकडे घंटी वाजायला लागली तसा आप्पांनी हात पुढे केला. “दे इकडं. तू काय विचारणार?”

त्यांनी फोन कानाला लावला, पाठ आमच्याकडे केली आणि भिंतीकडे तोंड करून, चर्चमध्ये वाचतात त्याच खणखणीत आवाजात म्हणाले,

“हॅलो, मंजिरी? मी तुझा सासरा बोलतोय, बाळ. पायाला किती नंबर लागतो तुझ्या?”